अठरा गाई, एक रेकॉर्ड

मुलाखतीत शिवॉनने मला एकच प्रश्न विचारला. "भांडणं मिटवायचा काही अनुभव आहे का?"

मी म्हटलं, "कोथरूडला अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीची सहा वर्षं सेक्रेटरी होते."

सोसायटी म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं. पार्किंग झालं, पाण्याची टाकी झाली. गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि ते तुडवणारी तिसऱ्या मजल्यावरची मुलं इथपर्यंत मी आले, तेव्हा तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "ग्रँड. सोमवारपासून ये."

हे २०१४ सालचं. नवऱ्याची, म्हणजे मिलिंदची, नोकरी डब्लिनला आली म्हणून आम्ही जवळच्या ॲडम्सटाउनला राहायला आलो होतो. पुण्यात मी ग्रंथपाल होते. इथे ग्रंथालयांनी माझी पदवी ओळखायला वेळ लावला, म्हणून ही नोकरी घेतली आणि पाच वर्षं केली. लोक विचारतात, तू नक्की काय करायचीस? त्यांना मी सांगते, लोक कोणती गाणी ऐकतात यावर लक्ष ठेवायचे. मग ते विषय बदलतात.

आमची कंपनी जुन्या रेकॉर्डच्या वेड्यांसाठी एक संकेतस्थळ चालवायची. रेकॉर्ड म्हणजे तबकड्याच, काळ्या, सुईवर वाजणाऱ्या. मराठी संकेतस्थळांवर भांडलेल्या वाचकांना 'धागा' म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते: एक जण विषय काढतो आणि बाकीचे त्याखाली लिहीत जातात. आमच्याकडे शेकडो धागे होते, पण माझ्याकडे सोपवलेला धागा सगळ्यांत मोठा. त्याचं नाव 'आत्ता काय ऐकताय?' नियम तीनच. या क्षणी जो अल्बम वाजत असेल तोच सांगायचा, त्याच्या कव्हराचा आणि प्लेअरवर फिरणाऱ्या रेकॉर्डचा फोटो टाकायचा, आणि दुसऱ्याच्या आवडीला नावं ठेवायची नाहीत. यात भांडायला जागा कुठे आहे असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

माझ्यासमोर दिवसभर तक्रारींची रांग असायची. प्रत्येक तक्रारीखाली तीन बटणं: 'उल्लंघन नाही', 'ताकीद', 'बंदी'. त्याखाली नोंद लिहायला एक चौकोन. सभासदांना आमची नावं कळत नसत. मी होते 'व्यवस्था-३'. सभासदाला कधीही भेटायचं नाही, फोन करायचा नाही, हे करारात ठळक अक्षरांत होतं. आधीचे तीन व्यवस्थापक स्वतःच संगीतप्रेमी निघाले होते आणि दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळाले होते, म्हणून ही काळजी.

पहिल्या महिन्यातलं पहिलं मोठं प्रकरण सुईचं. कॉर्क शहरातल्या एका दंतवैद्याने फोटो टाकला, त्यात रेकॉर्ड होती, प्लेअर होता, पण सुई वर उचललेली होती. लगेच तक्रार आली की सुई वर आहे, म्हणजे हा गृहस्थ ऐकत नाहीये. दंतवैद्य म्हणाला, घरात लाकडी जमीन आहे, फोटोसाठी उठलो की सुई उडी मारते, म्हणून मीच ती उचलली. मग ते 'आत्ता' राहिलं का, यावर दोन दिवस वाद. मी निर्णय दिला की फोटोपुरती एक मिनिट सुई वर असलेली चालेल. त्यावर विचारणा आली, मिनिट कोण मोजणार?

त्यानंतर लिमरिकचं जोडपं. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे अल्बम टाकले, आणि दोन्ही फोटोंत प्लेअर एकच, मागचा पडदासुद्धा तोच. तक्रारीही दोन. नीट पाहिल्यावर कळलं, नवऱ्याने बायकोविरुद्ध केलीय आणि बायकोने नवऱ्याविरुद्ध. मी सोसायटीतला हुकमी उपाय काढला. सम तारखेला नवरा, विषम तारखेला बायको. शिवॉन खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागली, आयर्लंडमध्ये हा शोध नवा होता. महिना सुखात गेला. मग एकतीस तारखेनंतर एक तारीख आली, बायकोला लागोपाठ दोन दिवस मिळाले, आणि नवऱ्याने अपील केलं.

माझ्या नोकरीचा मला जो काही अभिमान आहे तो सूचनांचा. ताकीद द्यायची तर सोबत दोन ओळी लिहाव्या लागत. मी त्या लिहायची तशाच, जशा आमच्या जिन्यातल्या फलकावर लिहायची. 'इतरांचा अल्बम जुना आहे, हे त्यांना कळवण्याची गरज नाही. त्यांनीच तो विकत घेतलेला आहे.' 'फोटोत मांजर आल्यास मांजराचे नाव विचारू नये. हा धागा मांजरांचा नाही.' 'आपले मत योग्य असू शकते, पण ते मागितलेले नाही.' इंग्रजीत हे सगळं फारच सभ्य दिसायचं. वाचून माणूस आधी आभार मानायचा आणि मग पाच मिनिटांनी त्याच्या लक्षात यायचं. पुढे पुढे काही सभासद या सूचना जमवायला लागले. एकाने तर मुद्दाम तीन मांजरांची नावं विचारली, का तर त्याच्या संग्रहात ती सूचना नव्हती. मला तेव्हा गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू?

मार्टिन माझ्या आयुष्यात आला २०१६ मध्ये.

गॉलवेच्या पुढे, पार पश्चिमेला राहणारा हा सभासद रोज संध्याकाळी चार वाजता पोस्ट टाकायचा, आणि रोज एकच अल्बम. ॲकॉर्डियनचा. कव्हरवर जाड भुवयांचा एक माणूस मांडीवर ॲकॉर्डियन घेऊन बसलेला, चेहरा असा की आत्ता कोणीतरी त्याची सायकल पळवली असावी. फोटोखाली मार्टिन लिहायचा, "आत्ता हे वाजतंय." लोक खाली लिहायचे, "छान, मार्टिन. मजा कर." दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तो भुवयांचा माणूस हजर.

नियमात न बसणारं यात काहीच नव्हतं. पण लोकांना हळूहळू सलायला लागलं. त्यातही डेक्लनला. डेक्लन शॅननचा. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर माल तपासायचं काम करून निवृत्त झालेला, आणि सवय सुटली नव्हती म्हणून आता आमचा धागा तपासायचा. त्याने मार्टिनच्या लागोपाठ दोनशे पोस्टची यादी करून पाठवली. त्याचं म्हणणं, हा माणूस त्या ॲकॉर्डियनवाल्याची जाहिरात करतोय. ॲकॉर्डियनवाला वारून बरीच वर्षं झाली होती हे मी शोधून काढलं, पण डेक्लन म्हणाला, त्याने काय होतं?

शिवॉन माझ्या टेबलाशी आली. "युवर मॅन पुन्हा आलाय बघ." इकडे कुठल्याही परक्या पुरुषाला 'युवर मॅन' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून मिलिंदला फोन केला होता. शिवॉन म्हणाली, "रोज चाळीस तक्रारी येतायत. काहीतरी कर."

मी ताकीद पाठवली. 'आपला अल्बम आता सर्व सभासदांच्या पुरेशा परिचयाचा झाला आहे. जगात इतरही अल्बम आहेत, याची नोंद घ्यावी.' घरी गेल्यावर ही सूचना मी मिलिंदला वाचून दाखवली आणि आम्ही दोघं हसलो, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मार्टिनने वेगळा अल्बम टाकला. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा. तक्रारी थांबल्या. एका वाक्यात माणूस सुधारला म्हणून मी खूश. सोसायटीत असं कधी झालं नव्हतं.

पाच आठवड्यांनी डेक्लनने बॉम्ब टाकला. त्याने मार्टिनचे सगळे फोटो मोठे करून शेजारी शेजारी लावले होते. कव्हर रोज वेगळं, पण प्लेअरवर फिरणारी रेकॉर्ड? तिच्या मधोमध नारिंगी कागद, आणि कागदाचा एक कोपरा फाटलेला. पहिले तीन दिवस सोडले तर रोज तोच कोपरा. मार्टिन दुसऱ्याची कव्हरं दाखवून तीच जुनी रेकॉर्ड वाजवत होता! धाग्यावर हलकल्लोळ झाला. एकाने विश्वासघात म्हटलं, एकाने राष्ट्रीय लाज म्हटलं. आपण त्याला पाच आठवडे 'छान, मार्टिन' म्हणालो याचं लोकांना फार लागलं होतं.

मी मार्टिनकडे खुलासा मागितला. त्याचं उत्तर पत्रासारखं आलं. वर पूर्ण नाव, गावाचं नाव, परगणा. मग "आदरणीय व्यवस्था-३. आरोप खरा आहे. रेकॉर्ड तीच होती. कव्हरं शेजाऱ्यांकडून आणत होतो. तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला, त्याचं वाईट वाटतं. आपला विश्वासू."

मी एक आठवड्याची बंदी घातली आणि नोंदीच्या चौकोनात लिहिलं: 'सभासदाने खोट्या पोस्ट केल्याचे मान्य केले आहे.' पाच सेकंदांचं काम होतं. लिहिलं आणि चहा आणायला गेले.

त्या वर्षी माझे बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबा हिंगणघाटकडचे. सरकारी गुरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ॲडम्सटाउनमध्ये सगळं नवं, आखीव, आणि एकही जनावर नाही. बाबा रोज चालत स्टेशनवर जायचे, येणाऱ्या जाणाऱ्या गाड्या बघायचे आणि परत यायचे. नातीशी बोलायला जायचे तर ती सगळं समजून घ्यायची आणि "ग्रँड, आजोबा" म्हणून खोलीत जायची.

बंदी घातली त्यानंतरच्या बुधवारी मी घरून काम करत होते. लॅपटॉपवर डेक्लनची ती फोटोंची रांग उघडी होती. बाबा मागून येऊन उभे राहिले. सगळं आयर्लंड ज्या नारिंगी कागदाकडे बघत होतं तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फोटोच्या कडेला दिसणाऱ्या एका काळ्या रबरी नळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तं दूध काढाची मशीन होय."

मी म्हटलं, "कुठे?"

"हे काय वं. हा गोठा होय. अन् ह्या मानसाच्या हाताले पलस्तर कायचं?"

मी पाहिलं. शेवटच्या तीस-बत्तीस फोटोंत कव्हर धरलेल्या हाताला मनगटापासून प्लास्टर होतं. मी ते दिसूनही पाहिलं नव्हतं.

"गाईनं लाथ मारली," बाबा म्हणाले. "तू काय केलतं ह्याले?"

मी सगळं सांगितलं. ताकीद वाचून दाखवली. ते हसले नाहीत.

"अवं पोरी, गाईले सवय असते. आमच्या तिकडे एका मास्तराची म्हैस रेडिओवर बाजारभाव लागल्याबिगर पान्हाये नाई. मास्तरानं एक दिवस भजन लावलं तं बादली उडवली तिनं. तू त्या मानसाचं गाणं बदलवलं, गाय बिथरली. आता त्याचा हात मोडला अन् तूच त्याले खोटारडा म्हनतं."

मी म्हटलं, "बाबा, नियम आहे तसा."

"गाईनं वाचला का तुहा नियम?"

मला रडू आलं. स्वयंपाकघरात जाऊन मी उगीचच प्रेसमधली भांडी काढून पुन्हा लावली. इकडे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. माझ्या एका चटकदार ओळीने कुठल्यातरी म्हाताऱ्याचं मनगट मोडलं होतं, आणि मी ती ओळ कौतुकाने वाचून दाखवली होती. बाबा दारात आले आणि म्हणाले, शनिवारी जाऊ.

सभासदाला भेटायचं नाही हा करार. पत्ता तर त्याने स्वतःच पत्रात लिहिला होता. शनिवारी मिलिंदने गाडी काढली.

गॉलवे सोडल्यावर रस्ता अरुंद होत गेला. मार्टिनचं शेत सापडेपर्यंत साडेतीन झाले. सत्तरीचा, उंच, डोक्यावर टोपी, हाताला प्लास्टर. कोण कुठले हे विचारायच्या आधी त्याने चहा टाकला. बाबा चहाला थांबले नाहीत, सरळ गोठ्यात गेले. मार्टिन त्यांच्यामागे. एक जण वऱ्हाडीत बोलत होता, दुसरा गॉलवेच्या इंग्रजीत, आणि दोघं एका गाईच्या मागच्या पायाबद्दल बोलत होते. मी भाषांतर करायला पुढे झाले तर दोघांनीही मला हाताने बाजूला केलं.

चारला पाच मिनिटं असताना मार्टिनने अठरा गाई ओळीत घेतल्या, मशीन सुरू केलं आणि फळीवरच्या प्लेअरवर रेकॉर्ड ठेवली. ॲकॉर्डियन सुरू झालं. गाई जागच्या जागी शांत झाल्या. मग मार्टिनने खिशातून कानावर लावायचे मोठे मफ काढले, कारखान्यात घालतात तसले, आणि ते घालून तो कामाला लागला.

दूध काढून झाल्यावर त्याने मफ काढले, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही स्वतः नाही ऐकत?"

"हे?" तो म्हणाला. "भयंकर आहे हे. माझ्या भावाची रेकॉर्ड. तो गेला, गाई उरल्या, आणि त्यांना हेच लागतं. मला स्वतःला संगीत आवडत नाही. कुठलंच."

"मग तुम्ही त्या धाग्यावर कसे?"

त्याचं उत्तर मी जन्मात विसरणार नाही. प्लेअरची सुई खराब झाली होती. कुठली सुई बसेल ते विचारायला तो आमच्या स्थळावर आला. कोणीतरी मदत केली. सुई बसली. आणि मग स्क्रीनवर दिसलं: 'आत्ता काय ऐकताय?'

"मला वाटलं, त्यांनी मदत केली, आता चौकशी करतायत," मार्टिन म्हणाला. "म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. माणसाने विचारलं तर उत्तर द्यावं. आईची शिकवण तशी. आता रोज विचारतात. भाऊ गेल्यापासून दिवसातून एकदा मला काहीतरी विचारणारं दुसरं कोणी नाही."

धाग्याचं नाव हा आपल्यालाच विचारलेला प्रश्न आहे असं तो इतके महिने समजत होता. 

"आता मात्र तिथे एक बाई आहे," तो म्हणाला. "फार कडक. नन असावी. पण बरोबर असतं तिचं. दुसरी रेकॉर्ड लावून बघ म्हणाली, मी लावली. तिसऱ्या दिवशी त्या तांबडीने हे केलं." त्याने प्लास्टर दाखवलं. "मग रेकॉर्ड जुनीच लावली आणि बाईंना वाईट वाटू नये म्हणून कव्हरं बदलली. ते चुकलंच."

"ती मीच," मी म्हटलं.

मार्टिनने टोपी काढली. "सॉरी, सिस्टर," तो म्हणाला.

मी त्याची माफी मागितली. त्याच दुपारी त्याची बंदी संपत होती. मी सांगितलं, रोज हीच रेकॉर्ड टाका, खरं काय ते लिहा, तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. त्याने तिथेच फिरत्या रेकॉर्डचा फोटो काढला आणि बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं: "आत्ता हे वाजतंय. मी ऐकत नाही, गाई ऐकतात." बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघांनी एकमेकांना काय सांगितलं देव जाणे, पण आम्ही निघालो तेव्हा दोघांचेही डोळे ओले होते.

धाग्यावर यावर महिनाभर परिसंवाद चालला. ऐकणारा माणूसच हवा असं नियमात कुठे लिहिलंय? गाय सभासद होऊ शकते का? दंतवैद्याच्या मते गाईला ताल कळतो, पण अल्बम म्हणून कळतो का, हे सांगणं कठीण. डेक्लन रोज एक तक्रार करायचा. मी रोज 'उल्लंघन नाही' दाबायची. अडीच वर्षं दाबलं. नोंदीच्या चौकोनात मात्र काही लिहिलं नाही, कारण लिहायचं तर त्याच्या गोठ्यात गेले होते हे लिहावं लागलं असतं.

२०१९ मध्ये कंपनीने माणसं काढून आमचं काम एका प्रणालीकडे द्यायचं ठरवलं. संगणकच तक्रारी वाचणार, संगणकच बटण दाबणार. शिवॉनने मला बाजूला घेऊन सांगितलं, "वैशाली, तिला आम्ही तुझेच निर्णय शिकवलेत. सगळ्यांत ठाम तुझेच होते."

तो सन्मान मी दोन दिवस मिरवला. प्रणाली सुरू झाली आणि सभासदांना सूचना जाऊ लागल्या. 'आपली आवड आपल्यापाशी ठेवल्यास ती अधिक काळ टिकेल.' हे मी लिहिलेलं नव्हतं, पण ते मीच लिहिलेलं होतं! कोणीतरी धाग्यावर म्हणालं, व्यवस्था-३ आज फॉर्मात आहे.

तिसऱ्या दिवशी प्रणालीने मार्टिनचं खातं बंद केलं आणि पहिल्या दिवसापासूनची त्याची प्रत्येक पोस्ट पुसून टाकली. कारण दिलं होतं: 'सभासदाने खोट्या पोस्ट केल्याचे मान्य केले आहे. सभासद स्वतः ऐकत नाही. श्रोता: शून्य.' खाली दोन ओळींची सूचना. 'जगात इतरही अल्बम आहेत, याची नोंद घ्यावी.'

मी शिवॉनकडे धावत गेले. तिने पडद्यावर मार्टिनची फाईल उघडली. "तुझी नोंद आहे ही. 'मान्य केले आहे.' नंतर तुझं मत बदललं असेल, तर ते कुठे लिहिलंयस?"

"कुठेच नाही."

"का बदललं?"

मी सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. "हे मी ऐकलं नाही. तू लिहिलंस तर मात्र वरच्यांना वाचावंच लागेल. मग मी तुला शिफारसपत्र देऊ शकत नाही."

मला ते पत्र हवं होतं. एव्हाना माझी ग्रंथपालाची पदवी इथे मान्य झाली होती, आणि आमच्या भागातल्या ग्रंथालयाने मला निवडलं होतं. फक्त मागच्या नोकरीचं पत्र द्यायचं बाकी होतं. पाच वर्षं मी या एका गोष्टीची वाट पाहिली होती. माझी नोकरी संपायला चार दिवस होते.

तीन दिवस मी काही केलं नाही. एका परक्या म्हाताऱ्याला एका धाग्यावर जाता येत नाही, यात जग बुडत नाही, असं स्वतःला समजावलं. मार्टिनला संगीत आवडतच नाही, असंही समजावलं. बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "त्या मानसाले आता कोन विचारते वं, काय चाललं म्हनून?" मी म्हटलं, नेट खराब आहे, आवाज येत नाहीये. आवाज स्वच्छ येत होता.

शेवटच्या दिवशी दुपारी मी नोंदीचा चौकोन उघडला आणि लिहिलं. ताकीद चुकीची होती. तिच्यामुळे सभासदाला इजा झाली. त्या शनिवारी मी स्वतः त्या गोठ्यात होते, रेकॉर्ड वाजत होती, पोस्ट खरी होती. खाली पूर्ण नाव टाकलं आणि बटण दाबलं. शिवॉनने मला मिठी मारली. पत्र दिलं नाही.

ग्रंथालयाने ती जागा दुसऱ्या कोणालातरी दिली. सध्या मी ॲडम्सटाउनच्या एका शाळेत मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवते. भांडणं तीच आहेत. त्या पत्राचं अजूनही वाईट वाटतं.

प्रणालीचा निकाल मात्र मी नोंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. मी आता नुसती सभासद, म्हणून सगळ्यांबरोबर वाचला. 'निवेदन तपासले. सदर शनिवारी, सदर ठिकाणी, श्रोता: एक. ती पोस्ट वैध आहे. इतर पोस्टबाबत निर्णय कायम. खाते बंद राहील.' बास. मार्टिनच्या साडेअकराशे पोस्टपैकी एकच परत आली होती, त्या शनिवारची. नवी पोस्ट टाकायची त्याला परवानगी नव्हती.

पण ज्याची पोस्ट वैध आहे त्याला, खातं बंद असलं तरी, तिच्याखाली आलेल्या प्रश्नाला उत्तर देता येतं. हा नियमही आमचाच, दंतवैद्याच्या सुईवर प्रश्न आले तेव्हाचा, आणि तो कोणी काढला नव्हता. अट एवढीच, की आधी कोणीतरी विचारायला हवं.

दिवसभर त्या एका पोस्टखाली कोणी काही लिहिलं नाही. मी लिहिणार होते, पण त्या नोंदीमुळे माझं नाव आता तिथे संशयितांच्या यादीत होतं, माझं लिहिलेलं प्रणाली अडवून ठेवायची. चार वाजायला आले. मुलीला घ्यायला तिच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी फोनकडे बघत होते.

चार वाजता शॅननहून डेक्लनने लिहिलं, "आत्ता काय ऐकताय, मार्टिन?"

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "तेच. विचारल्याबद्दल आभार."